रायापूरची पंगत

फाल्गुनात, एका गुरुवारी, माझी बायको निर्मला गेली. सकाळी तिनेच गाडी चालवत आम्हा दोघांना हुबळीच्या दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले. संध्याकाळी मी रुग्णवाहिकेतून धारवाडला परतलो. गाडी दवाखान्याच्या आवारात राहिली.

यंदा आंबे पुन्हा आले आहेत. परवा सुभाष रोडला वळलो आणि गाडीच्या बंद काचांमधूनही तो वास आत शिरला. पेंढ्यात दडपलेल्या, अजून पुरता न पिकलेल्या हापुसाचा वास. त्यात थोडा चीक असतो, थोडं गोणपाट, थोडी तापलेली धूळ. धारवाडच्या माणसाला वैशाख कॅलेंडरात बघावा लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी हातगाडी उभी राहते, घराघरांत पलंगाखाली पेंढा पसरला जातो आणि पाहुणा पाणी पिण्याआधी खाली वाकून विचारतो, ‘यंदा कुठले आणलेत?’ हा वास आला की मी गेल्या वर्षीच्या मोसमात जाऊन उभा राहतो. त्या मोसमाबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. दुःखाचा तो मोसम होता, पण आठवताना छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. असं का वाटतं, ते मला लिहिता लिहिताच समजून घ्यायचं आहे.

गाडी विजेवर चालणारी. निर्मलाने निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली. चालवायची तीच. मी शेजारी बसून पुस्तक वाचायचो, आणि वळण आलं की ती म्हणायची, ‘पान धरा.’ हायस्कुलात जन्मभर इतिहास शिकवलेल्या मला ती गाडी कुठे चार्ज होते, कधी होते, त्याला काय लागतं, हे माहीत नव्हतं. विचारावं असं कधी वाटलंही नव्हतं. दवाखान्यातून ती घरमालकांनी आणली. किल्ली माझ्या हातात देत ते म्हणाले, ‘सर, करंट फार कमी राहिलाय बघा. लाल झालंय.’

दिवसकार्य आटोपल्यावर मृणालने, माझ्या मुलीने, विषय काढला. ती पुण्याला असते.

‘अप्पा, गाडी काढून टाकू या. तुम्ही चालवत नाही. घरी चार्ज होत नाही. बाहेर किती पैसे जातात ते आईलाच ठाऊक होतं. आणि या वरच्या मजल्यावर एकटे राहून तुम्ही करणार काय? पुण्याला चला.’

‘आंबे होऊ देत,’ मी म्हणालो.

‘कुठले आंबे?’

‘केलगेरीच्या बागेतले. तुला पेटी पाठवायची असते ना.’

‘पेटी आई पाठवायची.’

‘म्हणूनच म्हणतोय.’

तिने खिडकी लोटून घेतली. मग आईच्याच आवाजात म्हणाली, ‘बरं. आंबे संपेपर्यंत. पण गाडीचा खर्च तुमच्या पेन्शनमध्ये झेपला पाहिजे. मी एक पैसा घालणार नाही. घातला तर तुम्ही माझं कधीच ऐकणार नाही.’

तिच्या दृष्टीने प्रश्न गाडीचा होता. मला मात्र दिसत होतं की गाडी ही पहिली वीट आहे. ती निघाली की मग भाड्याचं घर, मग पुस्तकांची कपाटं, आणि मग मी. पुणं वाईट नाही. पण साठी ओलांडलेल्या माणसाला पुण्यात नवीन रस्त्यांची नावं शिकावी लागतात, आणि माझी शिकण्याची भूक त्या दिवसांत मेली होती.

लायसन्स माझ्याकडे होतं. नूतनीकरणाला निर्मलाच धरून न्यायची. पहिल्यांदा चालकाच्या जागी बसलो तेव्हा गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट तिच्या उंचीची होती. काही दिवस मी तसाच, अंग आखडून, मैदानाला चकरा मारत राहिलो. एकदा गुडघा इतका दुखला की खाली हात घालून दांडी ओढली. सीट कुरकुरत मागे सरकली आणि थांबली. मी इंजिनाचा आवाज येईल म्हणून वाट बघत बसलो, तर गाडी केव्हाच सुरू होती. क्लच नाही, गियर नाही, धडधड नाही. माझ्यासारख्या धांदरट माणसाचं ती काही मनावर घेत नसे. महिन्याभरात मी हुबळीपर्यंत जाऊ लागलो. तिथे माझी थोरली बहीण असते, आम्ही तिला अक्का म्हणतो. गुडघ्यांपायी ती घराबाहेर पडत नाही. निर्मला दर आठवड्याला तिच्याकडे जायची. ते जाणं आता माझ्या वाट्याला आलं होतं.

राहिला प्रश्न चार्जिंगचा. घरमालकांना विचारलं, तर ते संकोचून म्हणाले, ‘सर, खिडकीतून वायर सोडायची म्हणजे... मीटर जुनं आहे. उद्या काही झालं तर?’ त्यांचं बरोबर होतं. म्हणजे बाहेरच जायला हवं. फोनवर चार्जिंगच्या यंत्रांच्या एका जाळ्याचं ॲप होतं, नकाशावर हिरवे ठिपके. धारवाडात सुभाष रोडजवळच्या पार्किंगच्या आवारात एक सावकाश चार्ज करणारं यंत्र होतं. आणि एक फास्ट यंत्र रायापूर ओलांडल्यावर, हुबळीच्या वाटेवर. फास्टचा दर जास्त होता. तरी मी तिकडेच गेलो. सावकाश चालणाऱ्या गोष्टींपाशी बसून राहायची तेव्हा मला भीती वाटत होती.

रायापूरचं ते यंत्र एका उपाहारगृहाच्या मागे पत्र्याच्या मांडवाखाली आहे. कपाटाएवढं. दोन अंगांना दोन जाड केबल्स, आणि केबलच्या टोकाला जे असतं त्याला सगळे गन म्हणतात. आतला पंखा सतत घरघरतो. वैशाखात त्या पत्र्याखाली हवा अशी थरथरते की पलीकडचा गुलमोहर पाण्यात बघितल्यासारखा दिसतो. आधी ॲपच्या पाकिटात पैसे भरायचे, मग यंत्रावरचा चौकोन स्कॅन करायचा, मग गन लावायची. मी गन लावून मोकळा झालो आणि भिंतीवरच्या सूचना वाचू लागलो.

‘मास्तर का तुम्ही?’ मागून आवाज आला.

दुसऱ्या गनला लावलेल्या गाडीशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, काळी पँट, मांडीवर वर्तमानपत्राचा कागद आणि कागदावर गिरमिट. चुरमुऱ्यांवरचा कांदा-कोथिंबिरीचा वास माझ्यापर्यंत येत होता.

‘हो. कशावरून म्हणता?’

‘सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायलात. दुसरं कोण वाचतं?’ त्यांनी पायाने दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. ‘कूडरी, बसा. घ्या की, तिखट नाही.’

ते वकील होते. घर हुबळीत, कामकाज धारवाडच्या कोर्टात. माझ्यापेक्षा वयाने थोडे मोठे. ‘निवृत्त झालात का?’ असं विचारलं तर म्हणाले, ‘वकील निवृत्त होत नाही हो. पक्षकार यायचे थांबतात.’ घरची भाषा कन्नड, पण मराठी आमच्यासारखीच, मधूनमधून री लावलेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटलो. मग त्यांचा आणि माझा वार आपोआप जुळू लागला.

त्या खुर्च्यांवरच्या दुपारी मला अजून हाताला लागतात. पंख्याची घरघर, हमरस्त्यावरून जाणाऱ्या बसचा हेलकावा, आंब्यांचे टेम्पो. वकीलसाहेब एखाद्या जुन्या खटल्याची गोष्ट सांगायचे. शेताचा बांध, दोन भाऊ, मधलं चिंचेचं झाड, आणि निकाल लागेपर्यंत झाडच पडलेलं. निर्मलाचं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते ऐकून त्यांनी गिरमिटाचा कागद माझ्याकडे आणखी सरकवला होता. घरी येणारे लोक माझा चेहरा बघून आवाज खाली आणायचे. इथे कुणी तसं करत नव्हतं. इथे दोन गाड्या जेवत होत्या आणि त्यांचे दोन म्हातारे गप्पा मारत होते.

मात्र पाकीट फार भराभर रिकामं होत होतं. पेन्शनचा जो वाटा मी गाडीसाठी बाजूला काढला होता, तो महिना संपायच्या कितीतरी आधी संपला. मृणालचा फोन आला की मी आंब्यांचं बोलायचो.

‘अप्पा, गाडीचं काय? झेपतंय का?’

‘यंदा मोहर चांगला धरला होता म्हणे.’

‘म्हणजे नाही झेपत.’

‘मी असं म्हटलं नाही.’

‘तुम्ही कधीच म्हणत नाही. आई म्हणायची तुमच्यावतीने.’

फोन ठेवल्यावर मी पुस्तकांच्या कपाटांसमोर उभा राहायचो. यातली पुण्याला किती नेता येतील, असा हिशेब आपसूक सुरू व्हायचा. वकीलसाहेबांकडे विषय काढला तर ते म्हणाले, ‘फास्टचा दरच लुबाडणारा आहे, मास्तर. माझंही तेच व्हायलंय. घरी बायको विचारते, गाडीला तूप वाढता काय?’ भिंतीवरच्या सूचनांत आयडल फीबद्दल एक ओळ होती. चार्ज झाल्यावर गाडी तशीच लावून ठेवली तर मिनिटामागे दंड. आम्ही दोघांनीही ती वाचली होती आणि तिचा अर्थ वकीलसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात लावून टाकला होता. ‘ते गाडी टाकून निघून जाणाऱ्यांसाठी. आपण हजर आहोत की.’ मला तो अर्थ बिनतोड वाटला होता.

मग ती दुपार आली. आभाळ भरून आलं होतं, वळीव येणार असं वाटत होतं आणि येत नव्हता. एक बाई गाडी घेऊन मांडवाशी आल्या. मागच्या सीटवर दोन लहान मुली पेंगत होत्या. बाईंनी काच खाली केली.

‘सर, निम्दु आगेदरी,’ त्या मला म्हणाल्या. तुमचं झालंय.

‘हो, पण वकीलसाहेबांचं व्हायचंय ना,’ मी म्हणालो.

त्या वकीलसाहेबांकडे वळल्या. ते म्हणाले, ‘मास्तर उठले की उठतो मी.’

बाई उतरल्या. एका गाडीतला आकड्यांचा पडदा काचेतून बघितला, दुसऱ्या गाडीचा बघितला. मग मराठीत, अगदी सावकाश, वर्गात मागे बसलेल्या मुलांशी बोलावं तसं म्हणाल्या, ‘दोघांचंही केव्हाच भरलंय. यांचं तर तुमच्याही आधी. तुम्ही दोघं कुणाची वाट बघायलात?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

सांगितलं तर हसू येईल. आमच्या घरी लहानपणापासून एक गोष्ट अंगात मुरवलेली होती. पंगतीत शेजारचा जेवत असताना हात धुवायला उठायचं नाही. आपलं ताट रिकामं झालं तरी त्यात बोटं फिरवत, मिठाचा कण चाखत बसायचं. आपण उठलो की शेजारच्याचा घास अडतो, तो अर्धपोटी उठतो, आणि ते पाप आपल्याला. वकीलसाहेबांच्या घरीही हीच रीत. त्यामुळे माझी गाडी भरली तरी मी बसून राहायचो, कारण त्यांची अजून चालू असेल असं वाटायचं. त्यांची भरली की ते बसून राहायचे, कारण मी बसलेलो दिसायचो. शेवटी दोघांपैकी एकाला काहीतरी काम आठवायचं आणि आम्ही एकदमच उठायचो. मिनिटामागे दंड दोन्हीकडे चालू असायचा. भरीला मी गाडी दर वेळी काठोकाठ भरायचो. ऐंशीच्या पुढे यंत्र थेंबाथेंबाने वाढतं, तरी ताट अर्धं ठेवून उठवत नव्हतं.

बाईंनी आम्हाला फोनवर ती नोंद कशी उघडायची ते दाखवलं. विजेचे पैसे वेगळे, थांबण्याचे वेगळे. थांबण्याचे पैसे बघून वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘कोर्टात गैरहजर राहिलं तर दंड होतो, मास्तर,’ ते म्हणाले. ‘इथं हजर राहिल्याचा दंड भरलाय आपण. महिनाभर.’

‘अर्थ तुम्ही लावला होता.’

‘आणि तुम्ही मान्य केला होता. इतिहासाचे मास्तर, एक प्रश्न विचारला नाही.’

बाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच घाई होती. ‘आता काढता का गाड्या?’ त्या म्हणाल्या.

गन काढून जागेवर अडकवताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘सावकाश होऊ द्या.’ पंगतीतून आधी उठावंच लागलं तर असं म्हणायचं असतं. म्हटलं की मागे बसणारा मोकळा, उठणाराही मोकळा. वकीलसाहेब मान डोलावून म्हणाले, ‘सावकाश आगली.’ त्यांच्या घरीही हेच म्हणत असणार. इतके दिवस आम्हा दोघांनाही हे सुचलं नव्हतं.

परतताना टोलनाक्याच्या अलीकडे वळीव आला. वायपर कुठे आहे ते सापडेना, म्हणून गाडी कडेला घेतली आणि पाऊस काचेवर वाजत असताना मला ती सकाळ आठवली. दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये आम्ही उपमा घेतला होता. तिचं नेहमीप्रमाणे माझ्या आधी झालं. माझ्या बशीत अर्धा होता, पुस्तक उघडं होतं. आतून तपासणीसाठी तिचं नाव पुकारलं. निर्मला उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘तुमचं सावकाश होऊ द्या.’ मी मान वर न करता हुं म्हणालो. किती दिवस मी मनात धरून होतो की ती काहीच न बोलता गेली. ती नीट सांगून उठली होती. मीच रिकाम्या ताटात बोटं फिरवत बसलो होतो, आपण उठलो तर तिचं काहीतरी अर्धं राहील म्हणून.

पाऊस थांबेपर्यंत मी रडलो. नंतर वायपर सापडला.

त्यानंतरचा मोसम हलका गेला. मी सुभाष रोडच्या सावकाश यंत्राकडे जाऊ लागलो. त्याचा दर कमी, वेळ भरपूर. सकाळी उन्हं कोवळी असताना गाडी लावायची, पुस्तक घेऊन समोरच्या कट्ट्यावर बसायचं, मध्येच भाजी आणायची, टोपल्यांतले आंबे हुंगून भाव विचारायचा आणि न घेता पुढे जायचं. फोनवर ऐंशीचा आकडा दिसला की उठायचं. रायापूरला फक्त अक्काकडे जाण्याच्या दिवशी, आणि तेही परत येण्यापुरतं. पाकिटात थोडे थोडे पैसे भरू लागलो, एकदम भरले की हात सैल सुटतो. महिनाअखेरीला बाजूला काढलेल्या वाट्यातलं थोडं उरलं. ते बघून मी जिन्यात उभा राहून एकटाच हसलो. पैशांची एवढी मजा मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ज्येष्ठ सरता सरता मृणाल आली. हुबळीच्या स्टेशनावर मी तिला घ्यायला गेलो. ती दरवाज्याशी घुटमळली, मग शेजारी बसली आणि तिने पट्टा दोनदा ओढून बघितला. उणकलचं तळं मागे पडेपर्यंत ती रस्त्याकडेच बघत होती. रायापूरला थोडं चार्जिंग करायचं होतं. वकीलसाहेब तिथे होतेच. ही माझी मुलगी, असं सांगितलं. त्यांनी तिच्याही हातात गिरमिटाचा कागद दिला आणि नेहमीप्रमाणे एक चिंचेचं झाड सुरू केलं. ते पडायच्या आतच त्यांनी माझ्या गाडीच्या पडद्याकडे बघितलं.

‘ओ मास्तर, उठा की. झालं तुमचं.’

‘गोष्ट पुरी करा.’

‘गोष्टीला मिनिटामागे किती पडतात माहीत आहे ना? उठा, उठा. मुलीला घरी न्या.’

गाडीत बसल्यावर मृणालने विचारलं, ‘हे तुम्हाला असं हाकलतात?’

‘मीही त्यांना हाकलतो.’

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने माझा फोन मागून घेतला आणि सगळे महिने उघडून बघितले. मी कपाटातली धूळ पुसत होतो, म्हणजे पुसण्याचं निमित्त करत होतो.

‘अप्पा, आता ठीक दिसतंय. पण सुरुवातीला एवढे कसे गेले?’

‘शिष्टाचारात गेले.’

‘म्हणजे?’

मी तिला सगळं सांगितलं. बाई आणि पेंगणाऱ्या मुली, वकीलसाहेबांनी लावलेला अर्थ, माझी मान्यता. ती हसायला लागली ती थांबेना. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग तिला दोन्हीतलं काय चाललंय ते कळेना. मला कळत होतं. फाल्गुनापासून ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. कॅन्टीनमधलं मात्र त्या रात्री सांगितलं नाही. ते मी आता इथे पहिल्यांदाच लिहितो आहे, आणि हे ती वाचेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही केलगेरीला गेलो. मोसमाची अखेर होती. बागेत झाडाखाली शेवटचा ढीग होता, काही फळांना डाग पडलेले, काहींना देठाशी सुरकुती. बागवाल्याने निर्मलाची चौकशी केली. मृणालने सांगितलं. त्याने हातातला आंबा खाली ठेवला आणि पेटीत पेंढा नेहमीपेक्षा जास्त घातला. आंबे मृणालनेच निवडले. एकेक फळ नाकाशी धरत, आईसारखे ओठ मिटून. परतीच्या वाटेवर गाडीत तो वास इतका दाटला की काचा खाली कराव्या लागल्या.

‘संपले म्हणायचे आंबे,’ ती म्हणाली.

‘संपले.’

लाल मातीचा रस्ता संपून डांबरी सुरू झाला. तिने पेटीवरून हात फिरवला.

‘गाडी राहू दे, अप्पा.’

‘आणि मी?’

‘तुम्हीही राहा.’

पुढे वळण होतं, ते नीट घेतलं.

त्याला आता वर्ष होत आलं. निर्मला नाही. गाडी आहे, वरच्या मजल्यावरचं घर आहे, आणि मी धारवाडात राहतो.